बेचाळीस बाटल्या

पत्रावर दोनशे अकरा सह्या झाल्या होत्या आणि सगळ्यात वरची रेघ अजून कोरी होती. ती सरांसाठी राखून ठेवलेली. पाण्यावर काम करणारे जेवढे म्हणून प्राध्यापक होते, त्यांतले निम्मे सरांचे विद्यार्थी आणि उरलेले त्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी. सरांची सही नसेल तर पत्राला कुणी हिंग लावून विचारणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सरांची मुलगी ताई आणि तिचा नवरा गुरुवारी दुपारी सव्वादोनला माहेरच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले होते.

पाचच्या आत पत्र निवड समितीच्या कचेरीत पोचवायचं होतं. उद्या सकाळी दहाला सुनावणी.

ताईनं हे पत्र चार वेळा लिहिलं होतं. ती विद्यापीठात बाबांच्याच विभागाची प्रमुख. लिहिण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण या वेळी दर वाक्याला अडखळली होती. कारण तीन पानं ज्या माणसाविरुद्ध भरली होती तो तिचा पाठचा भाऊ. घरात त्याला घुम्या म्हणतात. लहानपणी पडला तर रडायचा नाही, मार खाल्ला तर सांगायचा नाही, म्हणून घुम्या. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सरकारनं त्याला पर्यावरण प्राधिकरणाचा अध्यक्ष नेमायचं ठरवलं आणि प्राध्यापकमंडळी खवळून उठली. खवळणार नाहीत तर काय! ज्याला पाण्याची राखण करायची, तो आयुष्यभर तलावाकाठच्या कागद कारखान्याच्या पगारावर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

"सर, तुम्ही नुसती सही करा. मुद्दे आम्ही दहादा तपासलेत," जावईबापू म्हणाले. हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक, शिक्षक संघटनेचे चिटणीस, आणि स्वभावानं घाईचे.

"मी तपासलेत का?" सरांनी भिंग काढलं.

झालं! आता भिंग निघालं म्हणजे तासाची निश्चिंती. या घराचा नियमच तो. कुठलाही आकडा दोघांनी वाचायचा, दुसऱ्यानं पहिल्याला विचारायचं नाही, आणि मग दोघांनी चिठ्ठीवर सही करायची. प्रयोगशाळेतली गोष्ट सोडा, ताप आलेल्या पोराचं थर्मामीटरसुद्धा इथे दोघं वाचायचे. पोर तोवर घामानं बरं व्हायचं.

सर मोठ्यानं वाचत गेले. पहिला मुद्दा, कारखान्यातली चौदा वर्षांची नोकरी. दुसरा, त्यानंतर कारखानदारांच्या संघटनेत सल्लागार. तिसरा, इतक्या वर्षांत संशोधनाचा एक कागद नाही. सर प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणत होते. आवाज कोरडा होता.

"चौथा," ते म्हणाले आणि थांबले.

चौथा मुद्दा सगळ्यांना तोंडपाठ होता. एकवीस वर्षांपूर्वी सरांनी तलावाची पाहणी केली. पाणी गोळा करायची जबाबदारी घुम्याकडे. कारखान्यानं ज्या आठवड्यात घाण सोडली असा संशय होता, नेमक्या त्याच आठवड्यातले बेचाळीस नमुने अहवालात नाहीत. नोंदवहीत घुम्याच्या अक्षरात एवढंच: 'नमुने रद्द.' कारण नाही, दुसरी सही नाही. आणि सहा महिन्यांनी तो त्याच कारखान्यात नोकरीला. आता दोन आणि दोन चार करायला का कुणाला पंचांग लागतं?

"वर्तमानपत्रं हाच मुद्दा उचलणार," जावईबापू म्हणाले. "बाकीचे तीन आहेत तर बरे, पण हा म्हणजे पत्राचे दात."

त्या मुद्द्याखाली ताईनं सरांच्याच पुस्तिकेतलं वाक्य घातलं होतं. 'नमुन्याची शिस्त' ही सरांची पुस्तिका, मूळ एक भाषण. दरवर्षी पहिल्या वर्गात वाटतात. सर ते वाक्य वाचताना जरा ताठ बसले: "नमुना हा साक्षीदार असतो. त्याला गप्प करणारा शास्त्रज्ञ राहत नाही."

ताईनं खाली पाहिलं. तो सोमवार तिला जसाच्या तसा आठवत होता. यंत्र तापवून, काचेची भांडी धुऊन ती सकाळी सातपासून बाटल्यांची वाट पाहत बसली होती आणि घुम्या रिकाम्या हातानं दारात उभा राहिला होता. तिनं तीनदा विचारलं, का? तो बुटाकडे बघत राहिला. बाबांनी एकदाच विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा त्याला प्रकल्पातून काढून टाकलं. त्यानंतर बाप-लेक एका खोलीत बसायचे, जेवायचे, पण बोलायचं झालं तर आईमार्फत.

*

आई स्वयंपाकघरात कप विसळत होती आणि सगळं ऐकत होती. तिच्या उजव्या हाताला फ्रीज, त्याच्या मागे भिंतीवर प्लग, आणि प्लगवर पांढरी चिकटपट्टी, आडवी-उभी, जखमेवर लावतात तशी. दरवर्षी ती पट्टी बदलायची. नातवंडं चेष्टा करायची, "आजी, प्लगचं ऑपरेशन झालं का?" आई हसायची आणि पट्टी दाबून बसवायची. प्लग कुणी काढू नये, एवढंच म्हणायची.

का, ते तिनं एकवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात विभागाची थंड खोली बिघडली होती. घुम्यानं बेचाळीस बाटल्या घरी आणल्या. आईनं आनंदानं फ्रीज रिकामा करून दिला आणि दोन दिवस बहिणीकडे गेली. घरात सर एकटे. शनिवारी पहाटे त्यांना भाषणासाठी परगावी निघायचं होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी ते याच टेबलाशी ते भाषण लिहीत बसले होते. आणि सरांना लिहिताना फ्रीजची घरघर सहन होत नाही. तेव्हाही नव्हती, आताही नाही. त्यांनी उठून प्लग काढला, भाषण पुरं केलं आणि झोपायला गेले. पहाटे निघून गेले. नमुन्याच्या शिस्तीवरचं भाषण, बरं का! देवा, हसावं की रडावं!

आई रविवारी दुपारी परत आली तेव्हा घुम्या गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता. बाटल्या कोमट. प्लग जमिनीवर. तो एवढंच म्हणाला, "आई, बाबांना सांगू नकोस. आजच सकाळी भाषण झालंय. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे." आणि तिला शपथ घातली.

तिनं ती पाळली. आपला मुलगा, आपला नवरा, दोघांतलं एक निवडायला नको म्हणून पाळली, हे ती स्वतःशी कबूल करत असे. वाटलं होतं, चार दिवसांनी राग उतरेल. राग उतरला नाही, पोरगा मात्र उतरला सगळ्यांच्या मनातून. आणि आता त्याचा बाप त्याच्या बदनामीच्या कागदावर पहिली सही करणार होता.

तिनं ओले हात पदराला पुसले आणि फोन लावला.

"घुम्या, मी आज सांगणार आहे."

काय ते त्याला लगेच कळलं. "आई, नको. ते आता ऐंशीला आलेत."

"मी तुला विचारत नाहीये, कळवतेय. यायचं असेल तर ये."

*

घुम्याची बायको दातांची डॉक्टर. दोन पेशंट पुढे ढकलून ती गाडी चालवत होती. वाटेत त्यानं तिला सगळं सांगितलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर.

"म्हणजे चूक बाबांची, आणि कारखान्याचा माणूस म्हणून शिव्या खाल्ल्यास तू? मी खाल्ल्या?" तिनं करकचून ब्रेक लावला. "अरे, तोंड आहे की नुसतं घास घालायला दिलंय?"

"नुसती त्यांची नाही." घुम्या खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी शनिवारी सकाळी जाऊन बाटल्या बघायच्या होत्या. तसं ठरलं होतं. शनिवारी गेलो असतो तर एक रात्रच गेली असती, निम्म्या तरी वाचल्या असत्या."

"मग का नाही गेलास?"

त्याचे कान लाल झाले. "तुझ्याबरोबर होतो. त्या बागेत. तू होकार दिलास तो शनिवार."

पुढच्या चौकात सिग्नलला तिनं गाडी थांबवली. मग म्हणाली, "म्हणजे त्या तलावाला माझाही हातभार लागलाय म्हण की." तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि सिग्नल हिरवा झाला.

घुम्याला मात्र हसू येत नव्हतं. कारखान्यात तो का गेला, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की दुसरीकडे कुणी घेतलंच नसतं. सरांनी काढून टाकलेला मुलगा, त्याला दारात कोण उभं करणार? कारखान्यानं घेतलं. तिथे त्यानं काही गोष्टी सुधारल्या, काहींवर डोळेझाक केली. धुतल्या तांदळासारखा तो नव्हताच, आणि हे तो जाणून होता.

*

जिना चढून दोघं आत आले तेव्हा सरांनी पेनचं टोपण काढलेलं होतं.

"अरे वा," जावईबापू म्हणाले, "आरोपी स्वतः हजर."

"भाऊजी, बसा तुम्ही," घुम्याची बायको म्हणाली. "पत्राचे दात काढायला आलेय मी. सवय आहे."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात पांढऱ्या चिकटपट्टीचा चुरगळलेला गोळा होता. तिनं तो टेबलावर, पत्राच्या शेजारी ठेवला.

"अहो, सही करायच्या आधी माझं ऐका. त्या बेचाळीस बाटल्या आपल्या फ्रीजमध्ये होत्या. तुम्ही शुक्रवारी भाषण लिहीत होतात. घरघर होते म्हणून तुम्ही प्लग काढलात आणि पुन्हा लावला नाहीत. रविवारपर्यंत फ्रीज बंद होता. मी डोळ्यांनी पाहिलंय. बाटल्या कोमट होत्या."

 आतमध्ये फ्रीज घरघरत होता, आणि आज तो सगळ्यांनाच ऐकू आला.

"काहीतरीच काय," सर म्हणाले. मग भिंग खाली ठेवलं. शुक्रवार. हे टेबल. तिसऱ्या पानावर अडलं होतं, बरोबर, आणि ती घरघर डोक्यात शिरत होती. उठल्याचं आठवत होतं. वाकल्याचंही. गार फरशीला हात टेकवला होता. परत वाकल्याचं मात्र कितीही शोधलं तरी सापडेना. त्यांनी पुन्हा एकदा सुरुवातीपासून आठवून पाहिलं, कारण दोनदा वाचल्याशिवाय ते काही मानत नसत. दुसऱ्यांदाही तेच आलं.

"माझ्या हातून गेले," ते हळू म्हणाले. "माझ्या हातून."

ताई उठून भावासमोर उभी राहिली. "मी तुला तीनदा विचारलं होतं रे! तीनदा! नुसतं 'फ्रीज' म्हणाला असतास तरी कळलं असतं मला."

"तू बाबांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"म्हणूनच."

 ताईनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, लहानपणी मारायची तशी, आणि मग त्याच खांद्यावर डोकं टेकून रडली. घुम्या नेहमीसारखा उभाच राहिला, पण त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हे सगळं मान्य," जावईबापू घड्याळाकडे बघत म्हणाले. "कुणाला वाईट नाही वाटणार? पण विचार करा. दीड तास उरलाय. दोनशे अकरा लोकांनी हा मुद्दा वाचून सही केलीय. हा काढला तर पत्र मवाळ होतं. आणि का काढला हे सांगितलं तर सर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुस्तिका टेबलावर पडली होती. "शिवाय, नमुने रद्द केले हे तर खरंच आहे ना? आपण खोटं कुठे लिहिलंय?"

"अहो, गप्प बसा," ताई डोळे पुसत म्हणाली. मघापर्यंत ती याच माणसाच्या बाजूनं बसली होती. "कोमट पाण्याचा आकडा आला असता तर तुम्ही तो मानला असतात? मी मानला असता? त्यानं काय करायला हवं होतं, तुम्ही सांगा."

जावईबापूंनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. 

"बाबा," घुम्या म्हणाला. एकवीस वर्षांत सरळ बापाला उद्देशून निघालेला हा त्याचा पहिलाच शब्द असावा. "चौथा मुद्दा राहू दे. तुमचं नाव त्यात यायला नको. माझं आता काय व्हायचं ते होईल."

"मूर्खासारखं बोलू नकोस," सर म्हणाले. हाही पहिलाच. "मेलेला नमुना तू मोजू दिला नाहीस, हे बरोबर केलंस. त्या वेळी प्रकल्पात शिस्त एकट्या तुलाच होती. पण नोंदवहीत कारण लिहायला हवं होतं. 'रद्द' म्हणजे काय? कारणाशिवाय रद्द?"

"हो. ती माझी चूक."

"आणि शनिवारी बाटल्या बघायला कोण येणार होतं?"

घुम्यानं बायकोकडे पाहिलं. "मी. आलो नाही."

"तीही लिही."

सरांनी कोरा कागद ओढला. आईला वाटलं, आता यांना चक्कर येईल, छातीत दुखेल, काही ना काही होईल. काही झालं नाही. एकवीस वर्षं ती ज्या क्षणाला घाबरत होती, त्या क्षणी हा माणूस पाठ ताठ करून नमुन्याची नोंद लिहीत होता. अक्षर तेवढं वाकडंतिकडं येत होतं. 'तलावाच्या पाहणीतील बेचाळीस नमुने माझ्या घरी, माझ्या निष्काळजीपणामुळे खराब झाले. ते रद्द करणाऱ्यानं योग्य तेच केलं. त्याला मी विनाकारण दोषी धरलं.' शेवटच्या ओळीवर पेन जरा अडलं. मग त्यांनी सही केली आणि कागद मुलापुढे सरकवला.

"दुसरी सही."

घुम्यानं कागद वाचला. खाली एक ओळ घातली, शनिवारची, आणि सही केली. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब होता आणि तो पुसायचं भान त्याला नव्हतं. बायकोनं रुमाल काढून पुसला.

"आता हे," सरांनी मूळ पत्र पुढे घेतलं आणि चौथ्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली. "तीन राहिले." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ते तिन्ही खरे आहेत. मी यावर सही करणार आहे. कारखान्याच्या माणसानं कारखान्यावर पहारा करू नये. तो माझा मुलगा असला तरी."

"अहो!" आई ओरडली. "आत्ता तर..."

"आई, थांब." घुम्या टेबलाशी बसला. पत्र स्वतःकडे वळवून घेतलं आणि पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "इथे चूक आहे. चौदा नाही, सतरा वर्षं होतो मी कारखान्यात. शेवटची तीन दुसऱ्या शाखेत, म्हणून तुमच्या यादीत आली नसतील. दुरुस्त करा."

ताईनं नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापूंनी कागद चाळले, आणि या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाचा चेहरा पडला. "सतराच आहेत," ते म्हणाले. "दहादा तपासलं मी."

"एकट्यानं तपासलं असेल," सर म्हणाले.

मग धांदल उडाली. जावईबापूंनी सगळ्यांना निरोप धाडला: चौथा मुद्दा मागे, कारण सोबतच्या कागदात, होकार कळवा. साडेचारपर्यंत एकशे सदुसष्ट होकार आले. नऊ जणांनी 'मग आमचं नाव काढा' म्हणून कळवलं, त्यांतले चौघे सरांचे लाडके. उरलेल्यांचा पत्ता नव्हता, तासावर असावेत. ज्यांचा होकार आला नाही त्यांची नावं जावईबापूंनी एकेक करून खोडली, आणि प्रत्येक खोडलेलं नाव ताईला वाचून दाखवलं. सरांनी सगळ्यात वर सही केली. ताई दोन्ही कागद घेऊन पळत जिना उतरली आणि तिच्यामागे धापा टाकत जावईबापू.

घुम्याची बायको गाडी वळवायला खाली उतरली आणि घर शांत झालं. घुम्या चपला घालायला दाराशी गेला. निरोप घ्यायची त्याला सवय नव्हती, आणि बापालाही नव्हती.

"उद्या दहाला ना सुनावणी?" सर टेबलावरूनच म्हणाले.

"हो."

"मी येणार आहे. मला विचारलं तर हे तीन मुद्दे मी तोंडानंही सांगेन. पत्रवाल्यांच्या बाजूला बसेन."

"माहीत आहे, बाबा."

सर बराच वेळ चिकटपट्टीचा गोळा बोटांनी सोडवत बसले. सुटत नव्हता.

"पण न्यायला तू ये," ते म्हणाले. "तुझ्याच गाडीनं जाऊ."

घुम्या चपलेत एक पाय घालून उभा होता. "नऊला येतो."

"साडेआठला ये," सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "आणि उद्या उशीर करू नकोस. एकवीस वर्षं झाली."